कासव उचलायचं कसं, धरायचं कसं आणि प्रवासाला न्यायचं कसं

धोंडू आमच्याकडे आला तेव्हा कासव उचलतात कसं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ राहतो, शेजारच्या आजी केअर होममध्ये राहायला निघाल्या, तिथे कासव नेता येत नव्हतं, त्यांनी विचारलं आणि आम्ही हो म्हटलं. हर्मन्स जातीचं आहे, म्हणजे स्पेनपासून इटली, ग्रीस, बाल्कनपर्यंतच्या भागातलं जमिनीवर राहणारं कासव, वजन साधारण दीड किलो. आजींनी ते तरुणपणी पेट शॉपमधून घेतलं होतं. त्या काळी अशी कासवं इथे ढिगाने यायची, वाटेतच कितीतरी मरायची, १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने ही आयात बंद केली. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत अजूनही त्या वेळची कासवं सापडतात, मालक म्हातारे झालेत आणि कासवं ठणठणीत आहेत. नाव माझ्या आईने ठेवलं, ती साताऱ्याहून आली होती तेव्हा, कारण ऊन यायच्या आधी तो खरंच धोंड्यासारखा पडून असतो.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला एका हाताने, ताट उचलतो तसं एका कडेला धरून उचललं. तो तिरका झाला, मागचे पाय जोरात झाडायला लागला, नखं माझ्या मनगटावर ओरखडली आणि हातातून सुटला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला, खाली गवत होतं म्हणून वाचला, पण दोन दिवस त्याने डोकं बाहेर काढलं नाही आणि ते दोन दिवस मला अजून आठवतात. नंतर व्हेटकडून म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडून शिकले, जुन्या पाळणाऱ्यांकडून शिकले, आता आठ वर्षं झाली. नवीन कासव घरी आणणारे बरेच जण तीच चूक करताना दिसतात म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

एक आधीच सांगते, मराठीत आपण जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही कासवच म्हणतो. हे मुख्यतः जमिनीवरच्या कासवाबद्दल आहे, पाण्यातल्यांचं पुढे थोडं लिहिलंय. आणि भारतात राहणाऱ्यांनी ‘भारतात असाल तर’ हा भाग आधी वाचा, कारण तिथे प्रश्न धरायचं कसं याच्या आधी ठेवता येतं का हा आहे.

मुळात उचलायचं कधी

कमीत कमी. मांजर मांडीवर येऊन बसतं, कुत्रा अंगावर उडी मारतो, कासवाला जमिनीवरून पाय सुटणं म्हणजे आपल्याला कुणीतरी उचलून गच्चीच्या कठड्याबाहेर धरावं तसं वाटतं. आपल्या संतांनी म्हटलंय ना, कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. खरी कासवी तर अंडी घालून निघूनच जाते, पण पाळणाऱ्यासाठी मला ती उपमा फार पटते. रोज बघायचं, डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून पाणी किंवा फुगे येतायत का, चालताना पोट जमिनीवरून उचललेलं आहे का, खातोय का, शी कशी आहे. या सगळ्याला हात लावावा लागत नाही.

हात लावायची खरी कारणं मोजकीच. महिन्यातून एकदा वजन करणं, कोमट पाण्यात बसवणं, नखं आणि चोच बघणं, व्हेटकडे नेणं, कुठे अडकला किंवा उलटा झाला तर सोडवणं, आणि संध्याकाळी गार पडल्यावर आत आणणं. पाहुण्यांना दाखवायला, फोटो काढायला, बाळाच्या बारशाला बाळाशेजारी ठेवायला (हे खरंच मला विचारलं गेलंय) उचलू नका. ज्याला बघायचंय त्याने खाली जमिनीवर बसावं, कासव स्वतः चालत येतं, धोंडू तर लाल रंगाचं काही दिसलं की येतोच.

कवच म्हणजे दगड नाही

देवळात सभामंडपात दगडी कासव असतं, लहानपणापासून त्याच्या पाठीला हात लावून पुढे गाभाऱ्याकडे गेलोय, त्यामुळे आपल्या डोक्यात कुठेतरी बसलंय की कासवाची पाठ म्हणजे दगडच. तसं नाहीये. कवच हे हाड आहे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा वरच्या कवचाला जोडले गेलेत, वर आपल्या नखांसारख्या पदार्थाचा पातळ थर आहे, आणि त्या हाडाला रक्त आहे, संवेदना आहे. पाठीवर बोट फिरवलं तर त्याला कळतं. धोंडूच्या मागच्या कडेला एक जुनं भोक आहे, पूर्वी इथे लोक कासव बागेतून पळू नये म्हणून कवचाला ड्रिलने भोक पाडून दोरी बांधायचे. म्हणजे जिवंत हाडात भोक. आता ते भरत आलंय पण पुसताना हात तिथे गेला की तो अजूनही मागचे पाय आत घेतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. कासवाला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, बरगड्या तर कवचाला चिकटलेल्या, त्या हलणार कशा. तो आतल्या स्नायूंनी आणि खांद्यापायांच्या हालचालीने हवा आतबाहेर करतो. फुप्फुसं वरच्या बाजूला, पाठीच्या कवचाला लागून असतात आणि आतडी, यकृत, मूत्राशय, मादी असेल तर अंडी, हे सगळं खाली. उलटं केलं की सगळा भार फुप्फुसांवर येतो. म्हणून धरायचा पहिला नियम, ताटात काठोकाठ आमटी आहे असं समजून सपाट धरायचं.

आणि उचलताना जो फुस्स आवाज येतो त्याने घाबरू नका. डोकं आणि पाय झटकन आत घेतले की आत जागा कमी पडते आणि फुप्फुसातली हवा बाहेर पडते, तो आवाज आहे. पण तो आवाज आला म्हणजे तो दचकलाय हे नक्की, मग तिथेच थांबा.

आता प्रत्यक्ष उचलणं

हात आधी साध्या पाण्याने धुवून घ्या, उग्र वासाचं क्रीम, सॅनिटायझर, मसाला हाताला नको, त्यांचं नाक फार तिखट असतं. अंगठी आणि लोंबत्या बांगड्या काढून ठेवा. उचलून कुठे ठेवणार ती जागा आधी तयार करा, वजनकाटा चालू करून, टबात पाणी भरून, बॉक्स उघडून. कासव हातात घेऊन टॉवेल शोधत घरभर फिरणं यातच बरेच अपघात होतात.

मग त्याच्यासमोर खाली बसा. वरून हात आणू नका. जंगलात कासवाला वरून येणारी गोष्ट म्हणजे गरुड, ग्रीसमध्ये सोनेरी गरुड कासवं उचलून नेतात आणि उंचावरून खडकावर टाकून फोडतात, त्यामुळे वरून पडणारी सावली त्याला आवडायचं काही कारणच नाही. हात समोरून किंवा बाजूने, जमिनीलगत, त्याला दिसेल असा न्या. मी आधी बोटाने हळूच कवचाच्या कडेला स्पर्श करते, दोन सेकंद थांबते.

दोन्ही हात दोन बाजूंना, पुढचा पाय आणि मागचा पाय यांच्या मधल्या जागेत. अंगठे वर पाठीवर, बाकी चार बोटं पोटाखाली पसरलेली. वजन बोटांवर आणि तळव्यावर यायला पाहिजे, नुसतं कडेला चिमटीत धरायचं नाही. दाबायचंही नाही, विशेषतः लहान पिल्लाला, त्यांचं कवच पहिली काही वर्षं मऊ असतं, अंगठ्याच्या दाबाने दबू शकतं. बोटं पायांच्या खोबणीत जाऊ देऊ नका. पाय आत ओढताना त्याच्यात एवढी ताकद असते की कवच आणि पाय यांच्यात बोट सापडलं तर चांगलंच चेंगरतं, आणि आपण कळवळून हात झटकतो आणि कासव पडतं. बोट सापडलंच तर ओढायचं नाही, कासव आहे तिथे जमिनीवर टेकवायचं आणि तो सैल होईपर्यंत थांबायचं.

उचला सावकाश, दोन्ही बाजू एकाच वेळी. पाय हवेत पोहायला लागले म्हणजे त्याला आधार हवाय, लगेच एक तळवा पूर्ण पोटाखाली सरकवा आणि दुसरा हात पाठीवर अलगद ठेवा, पाय हाताला किंवा टॉवेलला टेकले की बरीच कासवं दोन सेकंदात शांत होतात, ही एक युक्ती कळली तरी निम्मं काम झालं. लांब न्यायचं असेल तर छातीशी धरा, डोकं बाहेरच्या बाजूला, एक हात खाली एक वर. आणि शक्यतो न्यायचंच नाही असं करा, बागेतून घरात यायला सुद्धा मी एक उथळ टब वापरते, त्यात जुना टॉवेल टाकलेला असतो, कासव टबात आणि टब हातात. हात निसटला तरी ते पडतं टबात.

डोकं, पाय, शेपूट धरून कधीच उचलायचं किंवा ओढायचं नाही. आत घेतलेलं डोकं बघायला बोटं घालायची नाहीत. व्हेटला डोकं बाहेर हवं असतं तेव्हा तेसुद्धा मागचे पाय हळूच आत ढकलून थांबतात, आत जागा कमी झाली की डोकं आपोआप बाहेर येतं. ते काम त्यांच्यावर सोडा.

खाली ठेवताना चारही पाय एकदम टेकवा. शेवटच्या दोन इंचांवरून सोडून द्यायची सवय अनेकांना असते. नको.

तो अंगावर सू करतो त्याबद्दल

करणारच. घाबरलं की कासव मूत्राशय रिकामं करतं, पाण्यासारखं आणि त्यात पांढरं घट्ट काहीतरी, ते युरिक ॲसिडचे क्षार, ते नॉर्मल आहे (वाळूसारखं खरखरीत, खडे असलेलं असेल तर मात्र व्हेटला दाखवा, पाणी कमी पडतंय). आपल्याला वाटतं कपडे खराब झाले, पण नुकसान त्याचं झालेलं असतं. मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी आहे, कोरड्या दिवसात त्यातलं पाणी तो परत शरीरात ओढून घेतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात तिथलं डेझर्ट टॉरटॉइज रानात दिसलं तर हात लावू नका असं जे सांगतात ते याचसाठी, उचललं की घाबरून साठवलेलं पाणी सोडून देतं आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत टिकेलच असं नाही.

म्हणून उचलल्यावर सू केली असेल तर नंतर त्याला पसरट टबात कोमट पाण्यात बसवा, १५ ते २० मिनिटं, पाणी हनुवटीच्या खाली, डोकं आरामात वर राहील एवढंच. पाण्यात मनगट बुडवून बघा, बाळाच्या आंघोळीपेक्षा जरा कमी गरम. बऱ्याचदा लगेच मान लांब करून पितात. टबाजवळून उठून जाऊ नका.

मुलं आणि हात धुणं

कासव कितीही निरोगी दिसलं तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो कवचावर, टबात, टॉवेलवर सगळीकडे लागतो. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा छोट्या कासवांची विक्री याच कारणाने बंद केली, मुलं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, घरातले म्हातारे, केमो वगैरे चालू असलेलं कुणी, यांनी हाताळू नये, सरळ नियम ठेवा. बाकी सगळ्यांनी नंतर साबणाने २० सेकंद हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर नाही. कासवाचा टब किचन सिंकमध्ये धुवायचा नाही, आमच्याकडे तो बागेतल्या नळावरच धुतात. आणि कासवाच्या पाठीची पापी घ्यायची नाही, हे मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त सांगावं लागतं.

मोठ्या मुलांना शिकवताना मी आधी एक बटाटे भरलेला वाडगा देते, तो न सांडता दोन हातांनी उचलून ठेवायचा. मग जमिनीवर मांडी घालून बसायचं, मांडीवर टॉवेल, मी कासव मांडीवर ठेवणार, त्याने फक्त दोन्ही बाजूंना हात ठेवायचे. उभं राहून कासव धरायचं नाही, कुणीच मुलाने नाही. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, तो आता त्याचं वजन माझ्यापेक्षा नीट करतो.

उलटा झाला, पडला, पोट बघायचंय

उन्हात पाठीवर पडलेलं कासव लवकर मरतं, एकतर श्वास कोंडतो आणि शिवाय ते तापतं. सरळ करताना घाई नको, दोन्ही बाजूंनी धरा, कुशीवर वळवा, दोन सेकंद थांबा, मग पायांवर आणा. सावलीत ठेवून श्वास बघा, पुढच्या पायांजवळची कातडी आतबाहेर होताना दिसते. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल किंवा तोंडातून फेस आला तर लगेच व्हेट.

पोटाकडची बाजू तपासायला लोक सरळ उलटं करतात. गरज नाही. एकाने सोफ्यावर बसून कासव सपाट धरायचं, सोफ्याच्याच वर, आणि दुसऱ्याने खालून मोबाईलने फोटो काढायचे, फोटो मोठा करून बघा, भेगा, लालसरपणा, वास येणारा मऊ डाग. तिरकं करावंच लागलं तर डोकं वरच्या बाजूला ठेवून, हळू, आणि ज्या बाजूने वळवलं त्याच बाजूने परत आणायचं, आतलं आतडं पिळलं जाऊ नये म्हणून. मादीला तर फारच जपून, नराशिवायसुद्धा तिच्या पोटात अंडी होऊ शकतात आणि ती फुटली तर जिवावर बेततं. नर की मादी माहीत नसेल तर मादी आहे असंच धरून चाला.

पडलं तर, दिसायला काही झालं नसलं तरी व्हेटला फोन करा, कवच फुटलं नाही तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. तडा गेला असेल, रक्त येत असेल तर स्वच्छ ओलसर गॉझ ठेवा, वर सैल पट्टी, स्वच्छ टॉवेलच्या बॉक्समध्ये ठेवा आणि त्याच दिवशी न्या. फेव्हिक्विक, एम-सील, हळद, यातलं काहीही भेगेत भरू नका. वरून बंद केलं की आत पू होतो आणि आपल्याला दिसत नाही. उन्हाळ्यात माशा बसतात त्यामुळे बाहेर ठेवूच नका. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत नावाचं प्रचंड मोठं कासव २००६ मध्ये गेलं, त्याच्याही कवचाला तडा जाऊन आत जखम झाली होती.

मोठी कासवं

अमेरिकेत टेक्सास, ॲरिझोना या बाजूला आपल्या बऱ्याच लोकांकडे सुल्काटा असतात, आफ्रिकेतली, घेताना तळहातावर बसतात आणि काही वर्षांत ४०-५० किलोची होतात. ती एकट्याने उचलू नका, दोघांनी दोन बाजूंना गुडघ्यात वाकून, पाठ सरळ, मोजून एकदम. त्याहून चांगलं म्हणजे खालून जाडजूड सतरंजी सरकवायची किंवा ढकलगाडी. खरं तर त्यांना उचलायचंच नाही, खाऊ दाखवून चालवत न्यायचं. कलिंगडाच्या सालीचा तुकडा हातात धरून ५० किलोचं कासव व्हॅनच्या फळीवर चढवलेलं मी स्वतः बघितलंय.

भारतात असाल तर

स्टार कासव, म्हणजे पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेलं, ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. सॉफ्टशेल, फ्लॅपशेल, आपल्या नद्या-तळ्यांतली बाकीची कासवं, तेच. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते म्हणून लोक घेतात, आणि त्यासाठी ही कासवं पोत्यात, सुटकेसमध्ये, पायांना चिकटपट्टी गुंडाळून नेली जातात. स्टार कासवांची तस्करी इतकी आहे की २०१९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सगळ्यात कडक यादीत टाकलं. जखमी किंवा कुणी सोडून दिलेलं कासव सापडलं तर वनखात्याला फोन करा, महाराष्ट्रात १९२६ ही हेल्पलाइन आहे. ते येईपर्यंत खोक्यात, सावलीत, सपाट, वर लिहिलं तसं.

पावसाळ्यात रस्त्यावर कासव आलं तर ज्या दिशेला जात होतं त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवा, मागे नेऊन सोडलं तर ते परत रस्ता ओलांडायला येतं. आधी स्वतःची गाडी बाजूला घ्या आणि मागून येणाऱ्यांना हात दाखवा. तळ्यातल्या चपट्या मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, बाजूने धरलं तर वळून चावतं, त्याला कवचाच्या मागच्या भागात, मागच्या पायांजवळ दोन्ही बाजूंना धरा किंवा फावड्यावर, पाटावर घेऊन सरकवा.

ॲक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं लाल कानाचं स्लायडर, म्हणजे पाण्यातलं कासव असेल तर तेही असंच मागच्या अर्ध्या भागात धरायचं, ओलं असताना फार निसरडं असतं, नखं लांब असतात, त्यामुळे हातात छोटा टॉवेल घ्या. आणि नको झालं म्हणून तळ्यात सोडू नका, ते मूळचं अमेरिकेतलं आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं.

प्रवास

१७८० मध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाच्या निसर्ग बघत बसणाऱ्या पाद्र्याने आत्याकडून मिळालेलं टिमोथी नावाचं कासव मार्च महिन्यात झोपेतून उकरून काढलं, मातीसकट खोक्यात भरलं आणि घोडागाडीने ८० मैल रिंगमरहून सेलबर्नला नेलं. त्याने लिहून ठेवलंय की गाडीच्या खडखडाटाने ते पूर्ण जागं झालं आणि बागेत सोडल्यावर दोनदा शेवटापर्यंत चालत गेलं. टिमोथी नंतर मादी निघाली. ही गोष्ट मला आवडते कारण त्या माणसाने तेव्हासुद्धा खोकं भरलं होतं, मोकळं मांडीवर घेतलं नव्हतं. आज आपण सीटवर मोकळं सोडतो, आणि ते ब्रेकच्या पायाखाली जातं.

तर बॉक्स. कडक प्लास्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा, आतून बाहेरचं न दिसणारा, कारण पारदर्शक असला की कासव भिंत समजतच नाही आणि पूर्ण वाटभर नखांनी खरवडत राहतं, नाक सोलून घेतं. मापाला कासवापेक्षा थोडाच मोठा, वळता येईल एवढा. मोठा बॉक्स म्हणजे आराम असं आपल्याला वाटतं पण प्रत्येक वळणाला ते इकडून तिकडे आपटतं, मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. तळाला घडी घातलेला टॉवेल, न घसरणारा, बाजूंना चुरगळलेला पेपर. हवेची भोकं वरच्या भागात, ती कासव आत ठेवायच्या आधी पाडा. झाकण घट्ट, कासवं चढतात. दोन कासवं असतील तर दोन बॉक्स, एकत्र ठेवली तर एकमेकांवर चढून उलटी होतात. बॉक्सवर जाड अक्षरात लिहा, आत जिवंत कासव आहे, ही बाजू वर, आणि आपला नंबर.

निघायच्या तासभर आधी कोमट पाण्यात बसवा, पाणी पितो, शी-सू तिथेच करतो. पाण्याची वाटी बॉक्समध्ये ठेवू नका, सांडते आणि ओल्या टॉवेलवर तो गारठतो. खाणंही वाटेत नको, दिवसभर न खाल्ल्याने मोठ्या कासवाला काही होत नाही.

गाडीत पुढच्या सीटच्या मागे पायाशी जी जागा असते ती सगळ्यात चांगली, बॉक्स दोन्हीकडून अडकून बसतो. डिकीत नाही. थेट उन्हात नाही, एसी किंवा हीटरचा झोत अंगावर नाही. आत २० ते २५ अंश राहील असं बघा, बॉक्समध्ये साधा थर्मामीटर टाकून ठेवते मी. थंडीत गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून बॉक्सच्या बाहेरून एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. आणि बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा सोडून जाऊ नका, कासवाला घाम येत नाही, ऊन असलेल्या गाडीत ते कुत्र्यासारखं भुंकूनही सांगू शकत नाही.

हिवाळी झोपेत असेल तर शक्यतो प्रवास करूच नका. धोंडू नोव्हेंबर ते फेब्रुवारी एका वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये ५ अंशाच्या आसपास झोपतो, आम्ही दार रोज थोडं उघडून हवा देतो आणि आठवड्याला बॉक्ससकट वजन करतो, कासवाला हात न लावता, रिकाम्या बॉक्सचं वजन आधीच लिहिलेलं असतं. त्या काळात त्याने सू केलेली दिसली तर मात्र लगेच उठवायचं, पाणी गेलं म्हणजे झोप संपली. व्हेटकडे न्यायचंच असेल तर आधी फोनवर विचारा, हळूहळू गरम करायचं की तसंच थंड आणायचं ते ते सांगतील.

विमानाचा विचार करत असाल, म्हणजे इथलं कासव सुट्टीला भारतात न्यायचं किंवा तिकडून आणायचं, तर सोडून द्या. देशाबाहेर न्यायला सायटीसचं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं परमिट लागतं, बॅगेत लपवून नेणं सरळ तस्करी आहे. सुट्टीत आम्ही धोंडूला ओळखीच्या एका पाळणाऱ्या बाईंकडे ठेवतो आणि सोबत एक कागद देतो, वजन, काय खातो, व्हेटचा नंबर, आणि मोठ्या अक्षरात "दोन्ही हातांनी, सपाट, जमिनीजवळ".

पोचल्यावर आधी जागा तयार करा, उबेचा दिवा लावा, मग बॉक्स उघडा. उचलायची घाई नको, लहान अंतर असेल तर बॉक्स आडवा करून त्यालाच चालत बाहेर येऊ द्या. कोमट पाणी, २० मिनिटं. मग एकटं सोडा, निदान त्या दिवशी. वजन दुसऱ्या दिवशी सकाळी करा आणि लिहून ठेवा. पहिल्या दिवशी कोपऱ्यात जाऊन बसला, खाल्लं नाही, तर चालतं. डँडेलियनचं पान किंवा जास्वंदीचं फूल समोर ठेवा आणि लांबून बघा. उबदार जागेत असूनही तिसऱ्या दिवशी खात नसेल, डोळे मिटलेलेच असतील किंवा नाक वाहत असेल तर व्हेटची अपॉइंटमेंट घ्या, आणि न्यायला तोच बॉक्स वापरा, त्याला त्याचा वास ओळखीचा झालेला असतो.